पंख्यावर कोरलेले आकडे

प्रश्न : आमच्या गावातल्या तरुणांनी वर्गणी काढून वापरलेली फायबर बोट आणि ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक ओबीएम (बोटीच्या मागे अडकवायचं इंजिन) घेतलं आहे. पावसाळ्यात मन्याड नदीला पाणी आलं की दोन वस्त्यांचा रस्ता तुटतो, म्हणून हा खटाटोप. दोघंतिघं बसलो तर बोट सुसाट जाते. आठ जण बसले की इंजिन नुसतं घुमतं, धूर काढतं आणि बोट पाण्यात रुतल्यासारखी चालते. पंख्यावर ‘११ १/८ × १३ – जी’ असं कोरलेलं आहे. मुंबईचा विक्रेता म्हणतो, पंखा बरोबर आहे, इंजिन उघडा. गावातले एक माजी सैनिक म्हणतात, इंजिनाला हात लावू नका, ११ चा पंखा आणा. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, कंधार तालुका, जि. नांदेड

उत्तर : माजी सैनिकांचं ऐका. पण ११ चा पंखा आणण्याआधी एक दिवस मोजमापाला द्या, म्हणजे दुकानात अंदाजाने पैसे जाणार नाहीत.

आधी आकड्यांचा अर्थ. पहिला आकडा, ११ १/८, हा पंख्याचा व्यास इंचात : पाती फिरताना जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी. दुसरा आकडा, १३, म्हणजे पिच, तोही इंचातच. पंखा पाण्याऐवजी एखाद्या घट्ट पदार्थात फिरत असता आणि जराही घसरला नसता, तर एका पूर्ण फेऱ्यात १३ इंच, म्हणजे ३३ सेंटिमीटर पुढे गेला असता. पात्याचा पीळ जितका जास्त, तितका पिच जास्त. शेवटचं ‘जी’ हे अक्षर यामाहाच्या पद्धतीत पंखा कोणत्या गटातल्या इंजिनाला बसतो ते सांगतं. २५ अश्वशक्तीच्या गटावर ‘एफ’ असतं. आकडे जुळले आणि अक्षर चुकलं, तर पंखा शाफ्टवर बसणारच नाही.

आता गणित. ४० अश्वशक्तीच्या पुष्कळ इंजिनांत गिअर दोनास एक असतो, म्हणजे इंजिनाचे दोन फेरे झाले की पंख्याचा एक. इंजिन मिनिटाला ५००० फेरे फिरलं, तर पंखा २५००. प्रत्येक फेऱ्याला ३३ सेंटिमीटर धरले तर मिनिटाला ८२५ मीटर, तासाला साडेएकोणपन्नास किलोमीटर. हा कागदावरचा वेग. पाणी घट्ट नसतं, पंखा त्यात घसरतो, आणि हलक्या बोटीतही या वेगातले पंधरा-वीस टक्के त्या घसरण्यात जातात. तरी चाळीसच्या आसपास वेग उरतो. दोघंतिघं असताना बोट सुसाट जाते ती यामुळे.

आठ माणसं बसली की काय होतं? माणसांचेच साडेपाचशे-सहाशे किलो, त्यात बोट, इंजिन, पेट्रोल, दोर. सगळं मिळून टनाच्या घरात. १३ पिचचा पंखा दर फेऱ्याला जेवढं पाणी मागे रेटू पाहतो, तेवढं रेटण्याची ताकद ४० अश्वशक्तीच्या इंजिनात या वजनाला उरत नाही. इंजिनाचे फेरे चढतच नाहीत. टू-स्ट्रोक इंजिन आपली पूर्ण ताकद वरच्या फेऱ्यांत देतं. फेरे खाली अडकले की ताकद आणखी कमी, आणि ताकद कमी म्हणून फेरे अडकलेले. बोट नाक वर आणि शेपूट पाण्यात अशी चालते, पाण्यावर उठत नाही. ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसह चढावर वरच्या गिअरमध्ये घातला तर इंजिन दमतं, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की ओबीएमला पुढे जायला गिअर एकच असतो, आणि तो बदलायचा तर पंखा बदलावा लागतो.

असं दमवलेलं इंजिन महिनोन्महिने चालवलं तर कार्बन साचतो, पिस्टनच्या रिंगा धरतात, आणि मग विक्रेता म्हणतो तसं इंजिन खरंच उघडावं लागतं.

म्हणून मोजा. तुमचं इंजिन मुठीचं असेल तर त्यावर फेऱ्यांचा काटा नसणार. छोटा डिजिटल टॅकोमीटर मिळतो. त्याची वायर स्पार्क प्लगच्या केबलभोवती गुंडाळायची आणि इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक ते त्यात भरायचं. हे भरलं नाही तर आकडा दुप्पट किंवा निम्मा येतो. वेगासाठी मोबाइलचं जीपीएस पुरतं. चाचणी वाहत्या पुरात करू नका. तुमच्या जवळ लिंबोटीचं धरण आहे, बारूळचं आहे. परवानगी घेऊन पसरलेल्या, स्थिर पाण्यात करा. माणसं बसवू नका. पन्नास किलोची वाळूची बारा पोती भरून माणसं जिथे बसतात तिथे ठेवा. टाकी भरलेली, इंजिन गरम झालेलं. मूठ पूर्ण पिळा, फेरे स्थिर होऊ द्या, दोन्ही आकडे लिहा. मग त्याच रेषेत उलटं या आणि पुन्हा लिहा, म्हणजे वाऱ्याचा परिणाम निघून जातो. त्यानंतर पोती उतरवून दोघांनिशी हेच सगळं.

इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण मुठीला फेरे किती असावेत याची मर्यादा दिलेली असते. या जातीच्या टू-स्ट्रोकला ती साधारण ४५०० ते ५५०० असते, पण तुमच्या मॉडेलची पाहून घ्या. समजा, भरलेल्या बोटीत ४२०० मिळाले. पिच एक इंच कमी केला की फेरे दीडशे ते दोनशेने वाढतात, हा मेकॅनिकांचा जुना आणि भरवशाचा हिशेब. १३ चा ११ केला तर ४५००-४६००. मर्यादेत आलं, पण उंबरठ्यावर.

पिच कमी केला तर वेग कमी होणार, ही भीती बहुतेकांना असते. कागदावर ती खरी आहे. ४२०० फेऱ्यांना १३ चा पंखा तासाला साडेएक्केचाळीस किलोमीटर दाखवतो आणि ४६०० ला ११ चा साडेअडतीस. पण भरलेली, शेपूट बुडवून चालणारी बोट त्या साडेएक्केचाळिसातला निम्मा वेग घसरण्यातच घालवते. ११ च्या पंख्याने ती पाण्यावर उठली, तर घसरण एकदम कमी होते आणि बोट आधीपेक्षा प्रत्यक्षात जोरात जाते. कमी पिचने जास्त वेग मिळतो तो असा. ओझं नेणाऱ्या बोटींत हे नेहमी दिसतं.

आता व्यासाकडे पाहा. याच ‘जी’ गटातले पंखे ओळीने मांडले तर ११ १/८ × १३, मग ११ ३/८ × १२, मग ११ ५/८ × ११, आणि पार टोकाला १२ १/४ × ९. पिच उतरतो तसा व्यास चढतो. यामागे पक्कं कारण आहे. बोट पुढे जाते ती पाणी मागे ढकलून. थोडं पाणी फार वेगाने ढकला किंवा पुष्कळ पाणी सावकाश ढकला, रेटा सारखा मिळू शकतो. मात्र पाण्याचा वेग दुप्पट करायचा तर चौपट ऊर्जा लागते, आणि पाणी दुप्पट घ्यायचं तर ऊर्जा दुप्पटच. म्हणून संथ आणि जड कामाला मोठ्या व्यासाचा, कमी पिळाचा पंखा किफायतशीर ठरतो. धक्का देणाऱ्या टग बोटींचे पंखे म्हणूनच भलेमोठे असतात. तुमच्या बोटीला व्यास वाटेल तेवढा वाढवता येत नाही. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, तिच्याखालची जागा ठरलेली आहे.

मग सरळ ९ चाच घ्यावा का? नाही. तुमचं काम एकाच वजनाचं नाही. बोट रिकामी जाते आणि भरून येते. ९ च्या पंख्याने रिकाम्या बोटीत मूठ पूर्ण पिळली तर फेरे मर्यादेपार पळतील. जुन्या टू-स्ट्रोकला फेरे रोखणारी इलेक्ट्रॉनिक सोय नसते, त्यामुळे इंजिन स्वतःलाच मोडेल. माझं मत असं : पंखा भरलेल्या बोटीसाठी निवडा आणि रिकाम्या बोटीत हात आवरा. जाताना मूठ तीन चतुर्थांशावर ठेवली तर दोन मिनिटं जास्त लागतील. येताना माणसं घेऊन प्रवाहातून निघता आलं नाही, तर त्या दोन मिनिटांचा काही उपयोग नाही. ११ ५/८ × ११ आणा, पोत्यांनिशी पुन्हा मोजा. फेरे ४५०० च्या खालीच राहिले तर आणखी खाली जा.

विक्रेता खोटं बोलत नाही. त्याच्याकडचा तक्ता समुद्रासाठी, दोन-चार माणसांच्या हलक्या बोटीसाठी केलेला असतो, आणि तो समुद्रसपाटीवर बसून बोलतो. नांदेड समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या पुढे आहे, लातूर पाच-सहाशे मीटरवर. दर तीनशे मीटरला हवा सुमारे तीन टक्क्यांनी विरळ होते आणि इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात उतरते. लातूरला हे पाच-सहा टक्के होतात, म्हणजे ४० अश्वशक्तीतले दोन हवेतच गेले. किनाऱ्यावरून आलेल्या सल्ल्यातून एक इंच पिच वजा करून मगच मराठवाड्यात तो वापरावा.

आणखी एक तपासा, फुकट होणारं आहे. बोटीच्या मागच्या फळीवर इंजिन फार वर किंवा फार खाली बसलं नाही ना? पंख्यावरची ती आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा त्याखाली इंचभर असावी. फार वर असेल तर पंखा वरून हवा ओढतो : वळणावर इंजिन अचानक किंचाळतं आणि रेटा नाहीसा होतो. वापरलेल्या सामानात आखूड शाफ्टचं इंजिन आणि उंच फळीची बोट अशी जोडी जुळवलेली पुष्कळदा आढळते. आखूड शाफ्टला फळी १५ इंच लागते, लांबला २०. हे चुकलं असेल तर कुठलाही पंखा बसवून उपयोग होणार नाही.

प्रश्न : मी नववीत शिकते. विज्ञानाच्या सरांनी सांगितलं की बोटीचा पंखा आर्किमिडीजच्या स्क्रूवरून आला. मग पात्यांचा आकार बदलून आत्तासारखा कोणी केला? कोणता पंखा चांगला हे पहिल्यांदा कसं ठरवलं?
— एक विद्यार्थिनी, उदगीर, जि. लातूर

उत्तर : तुझा दुसरा प्रश्न फार चांगला आहे, कारण हे कोणी खुर्चीत बसून ठरवलेलं नाही. पाण्यात उतरूनच ठरलं.

इंग्लंडमधला फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा पेशाने शेतकरी. लहानपणापासून खेळण्यातल्या होड्या करायचा नाद. १८३६ मध्ये त्याने पंख्याचं पेटंट घेतलं, आणि त्याच वर्षी काही आठवड्यांच्या अंतराने जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्यानेही. स्मिथचा पंखा खरोखर स्क्रूसारखा होता, लांब, लाकडी, दोन पूर्ण वेढ्यांचा. १८३७ मध्ये लंडनजवळच्या कालव्यात चाचणी चालू असताना तो कशावर तरी आपटला आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. बोट थांबायला हवी होती. ती आधीपेक्षा जोरात निघाली. उरलेला अर्धा भाग पुरेसा होता आणि तुटलेला नुसता पाण्याशी घासत होता, हे त्या अपघाताने दाखवलं. स्मिथने ते लगेच ओळखलं आणि पुढचा पंखा एकाच वेढ्याचा केला. तिथून पुढे वेढा आखूड होत गेला आणि सुटी पाती राहिली.

तुलनेचा सर्वांत गाजलेला प्रयोग १८४५ चा. ब्रिटिश नौदलाने ‘रॅटलर’ हे पंख्याचं जहाज आणि ‘अलेक्टो’ हे बाजूच्या चाकांचं जहाज शेपटीला शेपटी बांधून उलट दिशांना ओढायला लावलं. रॅटलरने अलेक्टोला तासाला सुमारे पाच किलोमीटर वेगाने मागे ओढत नेलं. रॅटलरचं इंजिन जास्त ताकदीचं होतं, त्यामुळे सामना अगदी बरोबरीचा नव्हता, हेही तुला माहीत असावं. तुलना करायची तर एकच गोष्ट बदलावी आणि बाकी सगळं सारखं ठेवावं, हा धडा तुझ्या प्रयोगवहीतही कामाचा आहे. त्याच रॅटलरवर आधी वेगवेगळ्या आकारांचे पंखे एकामागून एक लावून पाहिले होते. इंजिन तेच, जहाज तेच, बदलला फक्त पंखा. ती खरी तुलना.

हे झालं पंख्याचं. बोटीच्या मागे अडकवायचं, उचलून नेता येणारं इंजिन लोकांच्या हातात आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरूड याने १९०९ मध्ये मिलवॉकी शहरात आपलं ओबीएम विकायला काढलं आणि ते खूप खपलं.

प्रश्न : विष्णुपुरीच्या फुगवट्यात जाळी टाकतो. छोटं इंजिन आहे. जलपर्णीत पंखा सारखा गुंडाळतो. दोन पात्यांचा घेऊ का?
— एक मच्छीमार, नांदेड

उत्तर : दोन पात्यांनी थोडा फरक पडेल, पण जलपर्णीवर तो उपाय नाही. तिच्या मुळ्यांच्या झुपक्यांना पात्यांची संख्या कळत नाही. ज्याच्या पात्यांची कड मागे झुकलेली आहे असा पंखा मिळाला तर घ्या, त्यावरून गवत सरकून जातं. घट्ट थर लागला की शिरू नका, वल्ह्याने जा. गुंडाळलंच तर इंजिन आधी न्यूट्रलला घ्या, मग दोन-तीन क्षण रिव्हर्स द्या, पुष्कळदा वेढा उलटा सुटतो. हाताने काढायचं तर इंजिन पूर्ण बंद आणि बंद करण्याची लाल दोरी काढून खिशात. लहान इंजिनांना गिअरचा संरक्षक म्हणून शाफ्टमध्ये एक मऊ पिन असते. झटका बसला की ती तुटते आणि गिअर वाचतात. ती पिन जवळ दोन-चार ठेवा. तिच्या जागी खिळा ठोकू नका, कारण खिळा तुटत नाही आणि मग गिअर तुटतात. थायलंडमध्ये अशा पाण्यात लांब दांड्याच्या टोकाला पंखा असलेलं इंजिन वापरतात, दांडा वर उचलला की पंखा गवताच्या वर येतो. तुमच्या संस्थेने एखादं आणून पाहायला हरकत नाही.

एक विनंतीही करतो. विष्णुपुरीच्या शंकरसागराचं हे पाणी नांदेड शहर पितं. पुढचं इंजिन घ्याल तेव्हा फोर-स्ट्रोक घ्या. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळतं आणि न जळलेलं पाण्यात जातं.

प्रश्न : मांजरा नदीला पूर आला की आमच्याकडे बोट शेतांतून न्यावी लागते. तारेची कुंपणं, ऊस, बाभळी सगळं पाण्याखाली असतं आणि पंखा टिकत नाही. स्टीलचा पंखा घ्यावा असं मंडळाच्या बैठकीत ठरतंय. बरोबर आहे का? आणि पाण्यात पडलेल्या माणसाला पंख्यापासून धोका नको म्हणून जाळी लावावी का?
— एक वाचक, रेणापूर तालुका, जि. लातूर

उत्तर : ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथून हा प्रश्न यावा, यात मराठवाड्याचा पाऊस कसा झाला आहे ते सगळं आलं. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठची गावं पाण्यात उभी राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ अशा गावांना पाण्याने वेढलं, तेव्हा राज्य आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर (एसडीआरएफ) लष्करालाही बोलवावं लागलं. अशा वेळी बाहेरची तुकडी पोचेपर्यंत गावची बोट हीच बोट असते. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर बैठकीत नीट ठरावं असं मला मनापासून वाटतं.

स्टील घेऊ नका. स्टीलचा पंखा चांगला असतो, हे खरं. त्याची पाती पातळ करता येतात, भाराखाली वाकत नाहीत, वेग थोडा जास्त मिळतो. पण तो अॅल्युमिनियमच्या कित्येक पट महाग, आणि तुमच्या पाण्यात त्याचा गुणच दोष होतो. बाभळीच्या खोडावर अॅल्युमिनियमचं पातं आदळलं तर ते वाकतं किंवा तुकडा उडतो, धक्का तिथेच संपतो. स्टीलचं पातं तग धरतं आणि धक्का शाफ्टमधून गिअरपर्यंत जाण्याची शक्यता वाढते. पंखा तासाभरात बदलता येतो, गिअर पुराच्या मध्यावर बदलता येत नाहीत. एका स्टीलच्या किमतीत अॅल्युमिनियमचे दोन-तीन घ्या. एक लावलेला, एक बोटीतच, सोबत पाना, पक्कड, जादा नट आणि स्प्लिट पिना. पाण्यात उभं राहून अंधारात पंखा बदलण्याचा सराव आधी कोरड्यावर डोळे मिटून करा. कंपोझिट पंखेही मिळतात, काहींचं एकेक पातं सुटं बदलता येतं. मिळाला तर जादा म्हणून तो हलका आणि चांगला.

कडा खरबरीत झालेला पंखा ‘चालतोय’ म्हणून ठेवू नका. छोट्या खाचांवर कानस मारून कड सारखी करता येते. पण एक पातं वाकलेलं असेल तर पंखा असमतोल फिरतो, थरथर होते, आणि ती थरथर शाफ्टचं सील खाते. सील गेलं की गिअरच्या तेलात पाणी. तेल दुधाळ दिसलं तर हेच झालं असं समजा.

मधल्या हबमध्ये रबराचा बुश असतो. मोठा झटका बसला की तो घसरतो आणि गिअर वाचतात. पण एकदा घसरलेला बुश पुढे जोर लावला की पुन्हा घसरतो : इंजिन ओरडतं, बोट जात नाही. असं झालं तर घाबरू नका, मूठ सैल करा. कमी फेऱ्यांना तो बहुधा धरतो आणि हळूहळू काठाला येता येतं. बुश घसरला की नाही हे ओळखायची युक्ती सोपी आहे. नवा पंखा बसवताना आतल्या नळीवर आणि बाहेरच्या हबवर एका सरळ रेषेत खूण करून ठेवा. खुणा सरकल्या, तर बुश गेला.

तारेवर मात्र कुठलाच पंखा चालत नाही. काटेरी तार पंख्याच्या मागे शाफ्टवर गुंडाळली की इंजिन तिथेच बंद पडतं, आणि प्रवाहात बंद पडलेली बोट आडवी होते. त्यावर उपाय पंख्यात नाही, माहितीत आहे. गावातल्या कोणत्या शेताला तार आहे, कुठे विहिरीचा कठडा आहे, विजेच्या तारा कुठून जातात, हे ज्याला माहीत आहे असा एक माणूस बोटीत पुढे बसवा. उथळ शेतात इंजिन वर उचलून बांबूने जा. इंजिन उचलण्याचा खटका मोकळा आहे ना, हे दर वेळी पाहा. तो अडकलेला असेल तर आदळल्यावर इंजिन वर उडत नाही आणि मागची फळीच फाटते.

पात्यांची संख्या तीन की चार, हेही कोणीतरी बैठकीत काढेलच. चार पात्यांचा पंखा पाण्याला जास्त घट्ट धरतो, बोट कमी वेगात उठते, वळणावर हवा कमी ओढतो. त्याचा सर्वोच्च वेग थोडा कमी. तुमच्या कामाला हे गुण उपयोगी आहेत, पण चौथं पातं इंजिनावर भार टाकतं, म्हणून पिच एक इंच कमी घ्यावा लागतो. मिळाला तर घ्या. तीनचा योग्य पिचचा पंखा हातात असेल तर चारसाठी थांबू नका.

आता जाळीचं. पूर्ण मुठीला पंखा सेकंदाला चाळीसच्या वर फेरे घेतो, तीन पाती धरली तर एकाच जागेवरून सेकंदाला सव्वाशे वेळा पातं जातं. नुसतं गिअरमध्ये असलेलं, हळू फिरणारं पातंही हाड मोडतं. म्हणून तुमची काळजी अगदी रास्त आहे. पंख्याभोवतीची जाळी, म्हणजेच कडं, माणसाला बऱ्याच अंशी वाचवतं. त्याची किंमतही मोजावी लागते : वेग कमी होतो, पेट्रोल जास्त लागतं, आणि ऊस, कडबा, कापड त्यात अडकून बसतं. शेतातल्या पुरात कडं घालून सारखं थांबावं लागेल. माझा कौल असा की सराव, शिबिर किंवा गर्दीच्या घाटावर कडं लावा. शेतातल्या पुरात कड्यापेक्षा शिस्तीवर भर द्या : पाण्यातला माणूस बोटीच्या दोन लांबीवर आला की न्यूट्रल, हाताच्या अंतरावर आला की इंजिन बंद. त्याला बोटीच्या बाजूने घ्या, मागून कधीच नाही. चालवणाऱ्याच्या मनगटाला बंद करण्याची दोरी बांधलेली असावी, म्हणजे तो पडला तरी इंजिन थांबेल. आणि बोटीतल्या प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. पोहता येतं म्हणून कोणी नको म्हटलं तर त्याला बोटीत घेऊ नका.

बैठकीत आणखी एक ठराव करा. बोटीची लांबी, किती माणसं बसतात, इंजिन किती अश्वशक्तीचं आणि चालवणाऱ्यांचे फोन क्रमांक ही माहिती मे महिन्यातच तहसील कार्यालयाला लेखी द्या, आणि चालवणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं अशी मागणीही त्याच अर्जात करा. पूर आला तर बोट पाण्यात टाकण्याआधी जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा. त्याचा क्रमांक १०७७.